छोटूमामाकडे निघालेला लाकडी मासा

मी एक लाकडी मासा बोलतोय. बोटाएवढी लांबी, पोटाखाली दोन गळ आणि तोंडाशी पत्र्याची चिमुकली जीभ. दोरीला बांधून ओढलं की मी पाण्यात डुलत पोहतो आणि मोठे मासे मला खरा समजून अंगावर येतात. फसवणुकीचाच धंदा माझा, पण तो मी इमानेइतबारे केला.

माझे मालक खुर्च्या दुरुस्त करायचे. एका मोडक्या खुर्चीच्या पायाचा तुकडा उरला, तो तासून, घासून त्यांनी मला घडवलं आणि बायकोच्या हातात ठेवलं. मालकीणबाईंनी मला हिरवा रंग दिला आणि नखांच्या लाल पॉलिशनं डोळे काढले. एक डोळा बारीक झाला, दुसरा वटारलेला.

"अगदी तुझ्या भावासारखा बघतोय," मालक म्हणाले.

तो भाऊ तिथंच चहा पीत बसला होता. घरात त्याला सगळे छोटू म्हणत. "ताई, बघ ना, भाऊजी काय म्हणतायत!" असं तो ओरडला आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

सुट्टीच्या दिवशी तिघं तळ्यावर जायची. मालक मला मोकळ्या पाण्यात जपून टाकत. मालकीणबाई मात्र नेमक्या बुडालेल्या फांद्यांच्या जाळीत भिरकावत. "मासा त्याच्या सोयीनं राहतो, तुमच्या नाही," असं वर म्हणत. मी अडकलो की मालक पँट दुमडून पुटपुटत पाण्यात उतरायचे. काठावर बहीण-भाऊ पोट धरून हसत.

पुढं छोटू नोकरीसाठी परदेशी गेला. तिथल्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो म्हणे. फोनवर त्याचंच पुराण. "ताई, नुसता भांडकुदळ आहे गं तो! तुझ्याशी चांगलं जमेल त्याचं. या ना दोघं." जायचं ठरत राहिलं. कधी लेकीची परीक्षा आडवी आली, कधी मालकांचं काम. मग मालकीणबाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्याच नाहीत. त्यांच्या शेवटच्या दिवसांत छोटू आला नाही. नंतरही आला नाही. मालकांनी मला फडक्यात गुंडाळलं, पत्र्याचा डबा कपाटावर ठेवला आणि छोटूचं नाव घरात काढणं सोडून दिलं.

किती वर्षं गेली, अंधारात मला काय कळणार? एके दिवशी जेवताना लेकीनं सांगून टाकलं, "बाबा, मी दोघांची तिकिटं काढलीत. छोटूमामाकडे जायचंय." मालक ताटावरून उठून गेले. सकाळी मात्र स्टूल घेऊन त्यांनी स्वतःच डबा खाली काढला.

पलंगावर वर्तमानपत्र पसरून दोघं मासेमारीचं सामान निवडायला बसली. लेकीनं मामाला फोन लावला.

"त्याला विचार, पाणी गढूळ असतं की नितळ," मालक म्हणाले.

"तुम्हीच विचारा ना."

"तू विचार."

"भाऊजी, मला ऐकू येतंय," फोनमधून आवाज आला. "नितळ आहे. भडक रंग नकोत. दोरी बारीक आणा."

मालकांनी माशांना भुलवायचे चकचकीत पत्र्याचे चमचे बाजूला काढले. जाड दोरीचं रीळ बाजूला गेलं. शिशाची वजनं लेकीनं काढली; बॅग जड होत होती. तिनं नवे, मातकट रंगाचे रबरी किडे आणले होते, ते मालकांनी दाबून, ताणून पाहिले आणि नाइलाजानं पास केले. दोन तुकड्यांची काठी टॉवेलात गुंडाळली. मग लेकीच्या हाताला मी लागलो. माझे गळ गंजले होते, रंगाचे पोपडे सुटले होते.

"बाबा, हा राहू दे ना. प्रवासात हरवला तर?"

मालकांनी मला हातात घेतलं. मग पक्कड मागितली. जुने गळ काढून नवे बसवले आणि त्यांच्या टोकांवर बुचाचे तुकडे टोचले. "बाकीचं सगळं माशांसाठी आहे," ते म्हणाले. "हा त्याच्यासाठी."

परदेशातल्या त्या तळ्यावर, होडीत, छोटूमामा मालकांच्या समोर बसला होता. डोक्यावरचे केस गेले होते. मालकांनी मला पुढं केलं. माझे डोळे बघून त्याचा चेहराच बदलला.

"भाऊजी, तिकीट काढलं होतं मी. विमानतळापर्यंत गेलो होतो. ताईला तसं बघायची हिंमतच झाली नाही. परत फिरलो."

"ती शेवटपर्यंत दाराकडे बघायची रे," मालक म्हणाले. छोटूमामानं तोंड ओंजळीत लपवलं. होडी हलकेच डुलत होती. थोड्या वेळानं मालकांनी मला त्याच्या दोरीला बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि काठी त्याच्या मांडीवर ठेवली.

"टाक. त्या पडलेल्या झाडात टाक."

"अडकला तर?"

"अडकला तर मी उतरेन."

त्यानं मला टाकलं. पाणी इतकं थंड होतं की माझं लाकूड शहारलं. दोन हात पोहलो असेन, तोच फांद्यांखालून बास आला आणि मला कडकडून चावला. वर होडीत दोन म्हातारे एकमेकांवर खेकसत होते. "ढील दे!" "देतोय!" "अरे, ओढ आता!" मासा निसटला. तरीही ते हसत होते, आणि हसता हसता रडत होते.

निघताना मालकांनी मला मागे ठेवलं. आता मी छोटूमामाकडे असतो. पाठीवर दातांच्या खुणा आहेत, हिरवा रंग जवळजवळ गेलाय. काल त्यानं मला ठेवायला काचेची पेटी आणली. छोटूमामा, तुझ्या मायेला नाही म्हणवत नाही. पण त्या पेटीत तुझे ते शर्टाच्या बाह्यांना लावायचे कफलिंक ठेव. उद्या सुट्टी आहे, वाराही नाही. मला तळ्यावर ने.