केसाएवढे भोक

माझ्या टोकाला एक भोक आहे. माणसाचा केस त्यातून जेमतेम जाईल. निदान पूर्वी ते एवढेच होते. मित्रांनो, मी पोलादाची एक जुनी तोटी आहे. तारिहाळच्या कारखान्यात हणमंत नावाच्या कारागिराने मला घडवले आणि १९९८ साली मी धारवाडच्या एका प्रयोगशाळेत आले.

कार्बन डायऑक्साइडवर खूप दाब देऊन तो जरा तापवला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. मेणासारखे पांढरे मेदाम्ल, साबणात असते ते, त्यात विरघळते. मग तो माझ्या भोकातून एकदम सुटतो, दाब जातो आणि मेदाम्लाचे बारीक कण धुक्यासारखे बाहेर पडतात. संशोधन करणारी दीपश्री ते काचेवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. "किती सारखे पाडलेस गं," असे मलाच म्हणायची.

एकदा मी तुंबले. मला कोमट स्पिरिटमध्ये भिजवायचे, हे तिला ठाऊक होते. पण घरी स्टोव्ह भकभकू लागला की आपण काय करतो? पिन मारतो. तिनेही स्टोव्हची पिन घासून बारीक केली आणि माझ्यात सारली. वाट मोकळी झाली, पण कड छिलून भोक रुंदावले. तिने ते भिंगातून पाहिले. तिची मोजमापे तोवर पुरी झाली होती. ती कोणाला काही बोलली नाही.

पुढे ती तिथेच शिकवू लागली आणि माझ्यावर श्रीनिधी नावाचा नवा विद्यार्थी काम करू लागला. त्याचे कण जाड येत.

"धुकं मागितलं होतं, तू रवा पाडलास," प्राध्यापक मुकुंदराव म्हणत. "दीपश्रीचे आकडे बघ जरा."

दीपश्री मान खाली घालून काच पुसत राही. तो रवा माझ्या रुंदावलेल्या भोकामुळे पडत होता, पण फुसफुसण्यापलीकडे मला आवाज नाही.

एका दुपारी श्रीनिधीने प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दीपश्रीच्या टेबलावर ठेवली.

"येतो अक्का. कमरीपेठेत आमच्या अप्पांच्या दुकानात बसतो आता. माझ्या हाताला हे जमत नाही."

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू दुखावली तर ते लपवू नका. तिला बोलता येत नाही, आणि बोल दुसऱ्याच कोणाला लागतो.

दीपश्रीने मला उचलून भिंगाखाली धरले.

"इकडं ये, बघ. ही कड मी छिललीय, स्टोव्हच्या पिनेनं. तू यायच्या आधीच."

श्रीनिधी बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"तुझा हात चांगला आहे," ती म्हणाली. "किल्ली खिशात घाल. सरांकडं मी जाते, आत्ताच."