ऐंशी मोठे की बारा?

मी एक वही बोलतेय. वाण्याची नव्हे, शाळेतलीही नव्हे. चेंडू मोजणारी. लोक मला स्कोअरबुक म्हणतात. क्वेक्वे गावाच्या मैदानावर, मसासाच्या झाडाखाली एक डगमगतं टेबल आहे. माझा बराचसा जन्म तिथेच गेला.

मला लिहायची माई रुवाराशे, म्हणजे रुवाराशेची आई. आठवडाभर शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी माझ्यासमोर बसायची. धाव निघाली की आकडा, नाही निघाली की टिंब. हात स्वच्छ, अक्षर टपोरं. मक्याच्या माहेऊचा पेला मात्र माझ्यावरच ठेवायची; तो गोल डाग अजून आहे.

तिचा नवरा तिचाओना आमच्या संघाचा कप्तान. दमदार माणूस! सलामीला जायचा तो मुक्कामालाच. बाद होणं त्याला अपमान वाटे.

त्या रविवारी आम्हाला वीस षटकांत एकशे अठ्ठेचाळीस हवे होते. तिचाओनाने बावन्न केले आणि नाबाद परतला. लोकांनी टाळ्या पिटल्या. आम्ही नऊ धावांनी हरलो.

घरी जेवताना तो म्हणाला, "मी होतो म्हणून इतपत तरी पोचलो. बाकीच्यांनी काय दिवे लावले?"

माईने मला उघडलं. "अहो, पासष्ट चेंडू खेळलात तुम्ही. हे बघा, टिंबंच टिंबं. मुंग्यांची रांग वाटतेय. शंभर चेंडूंना किती धावा झाल्या असत्या, तो तुमचा स्ट्राइक रेट. ऐंशी. आपल्याला एकशे तेवीसच्या वर लागत होता."

"म्हणजे माझ्यामुळे हरलो?"

"मी कुठे म्हटलं? वही म्हणतेय."

सगळं माझ्यावर ढकलून मोकळी! तिचाओनाने साद्झाचा घास तसाच ताटात ठेवला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं.

"आणि तो गोलंदाज मुकुद्झेई? बसचा कंडक्टर! बसमधली तिकिटं वाटावीत तशा धावा वाटतो. पुढच्या सामन्यात त्याला बसवतोय मी. तुझा भाऊ टाकेल त्याच्याऐवजी. मुकुद्झेईचा रेट किती गं?"

माईने पानं उलटली. "बारा."

"बारा!" तो मांडीवर थाप मारून हसला. "माझे ऐंशी, त्याचे बारा. ऐंशी मोठे की बारा?"

माई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, गोलंदाजाचं उलटं असतं! किती चेंडूंमागे एक बळी मिळतो, ते मोजायचं. जितका कमी तितका चांगला. मुकुद्झेईने दोनशे अठ्ठ्याऐंशी चेंडूंत चोवीस बळी घेतलेत. बारा चेंडू टाकले की एक गडी घरी."

"आणि तुझा भाऊ?"

तिने पान उलटलं. "चेंडू तेवढेच. बळी नऊ. म्हणजे बत्तीस चेंडूंना एक. मान्य, तो सामन्यात डझनभर धावा वाचवतो. पण मुकुद्झेई दोन गडी काढतो."

"सख्ख्या भावाला बसवतेस?"

"इथे मी बहीण म्हणून नाही, पेन्सिल धरून बसलेय."

दोन दिवस तिचाओना ताट घेऊन अंगणात जेवला. तिसऱ्या दिवशी त्याने संघाची यादी माझ्यावर आणून ठेवली. मुकुद्झेईचं नाव होतं. आणि स्वतःचं सलामीवरून थेट सहाव्या क्रमांकावर! माईच्या हातातली पेन्सिल थांबली. ते तिने सुचवलं नव्हतं.

पुढचा सामना कडोमा गावच्या संघाशी. जिंकेल तो वरच्या गटात जाणार. त्यात माळ्याने नळ चालू ठेवलेला, खेळपट्टी ओलीकिच्च. मुकुद्झेईने चोवीस चेंडूंत एकतीस धावा दिल्या आणि चौघांना घरी पाठवलं. कडोमा चौऱ्याऐंशीत गुंडाळलं.

पण आमची पोरंही तशीच. सहा षटकांत चार बाद एकोणीस! तिचाओना आला. पहिल्याच चेंडूवर त्याने डोळे मिटून बॅट फिरवली. हुकली. दुसऱ्यावरही तेच. माईने दोन टिंबं काढली, दुसरं काढताना टोकच मोडलं. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण लिहिणाऱ्याने खेळाडूंना सांगायचं नसतं.

तेवढ्यात मुकुद्झेई आमच्या टेबलाशी आला. माझ्या पानावर बोट फिरवत त्याने काहीतरी हिशेब केला आणि पाण्याची बाटली घेऊन धावत सुटला. तिथे काय बोलला ते त्याने नंतर बसमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितलं:

"म्हटलं, कप्तान, कोणावर सूड उगवताय? सहासष्ट हव्यात, चेंडू ब्याऐंशी आहेत. आज तुमचे ते ऐंशीच लागतात. आहेत का अंगात, की बायकोला देऊन आलात?"

मग तिचाओना खेळला. माझ्या पानावर टिंब, टिंब, एक, टिंब, दोन. कडोमाचे लोक टोमणे मारून थकले, तो थकला नाही. तीन चेंडू राखून आम्ही जिंकलो. त्याच्या धावा तीस, चेंडू चाळीस.

तो टेबलापाशी आला, घामाने निथळत. "किती?"

"पंचाहत्तर."

"म्हणजे रेट घसरलाच की."

"घसरू दे," माई म्हणाली आणि पदक द्यावं तशी स्वतःची खुर्ची त्याला दिली. "आकड्याशेजारी सामना कोणता होता तेही वाचायचं असतं. ते मी त्या दिवशी सांगायला विसरले."

विसरली नव्हती. त्या दिवशी तिलाही ते ठाऊक नव्हतं. मला विचाराल तर मलाही नव्हतं.

वरच्या गटात धावा फोनवर टिपतात. मी तीन वर्षं कपाटात होते. वाळवीने एक कोपरा चाखला. परवा माईने मला बाहेर काढलं. गावातल्या बायकांनी संघ काढलाय, आणि माझी शेवटची चार पानं कोरी आहेत. तिने वर तारीख घातली, अकरा नावं लिहिली. गोलंदाजीला येणारी बाई धावत यायचं अंतर पावलांनी मोजतेय.

तेव्हा मंडळी, गप्पा पुरे. जरा उजेडातून बाजूला व्हा, पहिला चेंडू पडतोय.