धुतलेली जठरे

शास्त्रज्ञ थोर्किलने अहवालाचे तिसरे पान उलटले आणि जाहीर केले की आतल्या खाडीतले सील उपाशी मरत आहेत. ते ऐकताच एनोकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सभागृहात बर्फाळ किनाऱ्यावरची जवळजवळ अख्खी वस्ती जमली होती. एनोकने वीजघरात अठ्ठावीस वर्षे यंत्रे सांभाळली होती. निवृत्तीनंतर तो पुन्हा पूर्णवेळ शिकारी झाला होता. संशोधन संस्थेने सीलांच्या आहाराची पाहणी सुरू केली, तेव्हा जठरे गोळा करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. तीन वर्षांत त्याने एकसष्ट जठरे गोठवून पाठवली होती. प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा, सीलची लांबी आणि चरबीची जाडी, सारे त्याच्या सुबक अक्षरांत. त्याच एकसष्ट जठरांच्या आधाराने हा पोरगेला शास्त्रज्ञ आता सांगत होता की आतली खाडी तीन वर्षे शिकारीला बंद. बर्फ फुटल्यावर वस्तीची बहुतेक शिकार त्याच खाडीत व्हायची. माणसांना मांस तिथूनच मिळायचे आणि गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनाही.

"उपाशी?" एनोक उठून उभा राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्याच नमुन्यांनी सांगितलं, एनोक. एकोणसाठ जठरं पूर्ण रिकामी होती. उरलेल्या दोनांत माशांच्या कानातले, मासा पचला तरी मागे उरणारे चार खडे सापडले. बस."

"आणि चरबी? सहा सहा सेंटिमीटर चरबी लिहून दिली मी! उपाशी प्राण्याला एवढी चरबी चढते होय? मग मलाही ठेव उपाशी, बघू किती सुटतो ते!"

सभागृह हसले. थोर्किलचे कान लाल झाले. "चरबीचा तक्ता दुसऱ्या विभागाकडे जातो," तो म्हणाला.

"दुसऱ्या विभागाकडे!" मागून गेर्थ ओरडला. हा एनोकचा शेजारी, जिभेचा तिखट. "म्हणजे यांच्याकडे सीलचं पोट एका खोलीत आणि पाठ दुसऱ्या खोलीत!"

एनोक हसला नाही. त्याने टेबलावर मूठ आपटली. "या खाडीत मी पन्नास वर्षं शिकार करतोय. सीलच्या पोटात कॉड मासा आणि बारीक जवळा इतका ठासून भरलेला असतो की सुरी लावताच बाहेर येतो. रिकामं पोट मी दहात एखादंच पाहिलंय. माझे नमुने तुम्ही कुठल्या तरी दुसऱ्याच्या नमुन्यांत मिसळलेत. नाहीतर तू खोटं बोलतोयस!"

"एनोक," खिडकीजवळून बिबियाने, त्याची बायको, म्हणाली, "खाली बस."

"का बसू?"

"मी धुतली होती ती."

एनोक तिच्याकडे वळला.

"काय धुतलं?"

"वजड्या. तुझी ती जठरं, एकूण एक. चीर देऊन आतलं सगळं कुत्र्यांना घातलं, तीन पाण्यांतून काढल्या आणि मग बांधल्या. घाणीनं भरलेली वजडी परक्याच्या घरी पाठवायची? माझ्या आईनं मला तसलं शिकवलं नाही."

"अगं, मी तुला बांधून दे म्हणालो होतो!"

"बांधूनच दिली की. त्यांना वजडी हवी, एवढंच म्हणालास. आतलं काय ते हवंय, हे कधी बोललास? लेबलं लिहिताना टेबलाजवळ फिरकू देत नव्हतास मला!"

गेर्थ गुडघ्यावर थापा मारत हसू लागला. एनोकचा चेहरा काळवंडला. कारण ती म्हणत होती ते तंतोतंत खरे होते. पिशवीवरच्या अक्षरांची त्याने काळजी घेतली होती, पिशवीच्या आत काय जाते याची नाही.

थोर्किलने सुटकेचा निःश्वास टाकून कागद गोळा करायला घेतले. "म्हणजे चूक आमची नव्हती तर."

"थांब रे," बिबियाने म्हणाली. "जंत किती सापडले?"

"काय?"

"वजडीतले जंत. तुझ्या कागदावर असतील ना?"

थोर्किलने पाने चाळली. "शून्य."

"एकसष्टांत शून्य. उपाशी सीलच्या पोटात मासा नसतो, पण जंत असतात, बुळबुळीत चिकटा असतो. आमच्या शाळकरी मुलींनाही ठाऊक आहे हे. मी अडाणी म्हणून धुतली. तू शिकलेला, तीन वर्षं धुतलेल्या वजड्या हातात घेऊन बसलास आणि एक फोन करून विचारावंसं नाही वाटलं?"

थोर्किलने त्या शून्याभोवती पेनाने गोल काढला. मग तो हळूच म्हणाला, "मी संस्थेला कळवतो. फेरतपासणीचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत येईल."

"ऑक्टोबरात खाडी गोठायला लागते, बोटीच निघत नाहीत," एनोक म्हणाला आणि दार आपटून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बंद खाडीत, सगळ्यांच्या देखत, एक सील मारला. किनाऱ्यावरच बिबियानेने तो फाडला, जठराची दोन्ही तोंडे सुतळीने आवळली आणि थेंबभरही पाणी लागू दिले नाही. एनोक ते परातीत घालून शाळेच्या पाहुणेखोलीत गेला. थोर्किल न्याहारी करत होता. एनोकने पावाची बशी बाजूला सारली आणि परात समोर ठेवली.

"हा गुन्हा आहे," थोर्किल म्हणाला. "मला कळवावं लागेल."

"कळव. आधी काप."

थोर्किलने कापले. सदतीस लहान कॉड निघाले, काही तर असे ताजे की खवलेसुद्धा शाबूत. त्याखाली जवळ्याचा लाल लगदा, आणि त्यात वळवळणारे जंत. त्याने सगळे मोजले, दोनदा मोजले आणि वहीत मांडले. मग मान वर न करता तो म्हणाला, "एका सीलवरून काही सिद्ध होत नाही. निदान तीस लागतात."

एनोकने टोपी डोक्यावर ओढली. मग परात तिथेच टाकून तो धक्क्याकडे निघाला. वाटेत प्रत्येक दारावर त्याने मूठ आपटली. "गेर्थ! बंदूक घे! साहेबांना तीस लागतात!"

अर्ध्या तासात सहा बोटी पाण्यात होत्या. थोर्किल नमुने ठेवायच्या बर्फाच्या पेटीसकट धावत आला. "बंदी आहे! प्रत्येकावर दंड बसेल, प्रत्येकावर!"

"बसू दे," गेर्थ ओरडला. "नावं लिहायला मोठी वही आण!"

बिबियाने एनोकच्या बोटीत सुतळीचे बंडल घेऊन बसली होती. तिने थोर्किलला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "उभा काय राहिलास? चढ. या वेळी तूच बांध."

थोर्किलने मागे शाळेकडे पाहिले, पुढे बोटींकडे पाहिले. मग पेटी आत ठेवून तो चढला. एनोकने त्याच्यासाठी ना हात पुढे केला ना जागा. जबडा आवळून त्याने इंजिनाची दोरी ओढली आणि बोट सरळ बंद खाडीच्या तोंडाकडे वळवली.