मैत्रीचे दोन हात

योब्स्ट हाइनलिन हा आमच्या आउग्सबुर्गमधला तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा जुना कारागीर. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नसे.

त्या हिवाळ्यात प्रकाशकाने त्याच्याकडून सद्गुणांची सहा चित्रं मागवली. संयमाच्या हाती लगाम, न्यायाच्या हाती तराजू. हे त्याला डोळे मिटूनही जमलं असतं. अडलं ते मैत्रीपाशी. वठलेलं झाड झालं, त्याला बिलगलेली हिरवी वेल झाली, पायाशी कुत्राही झाला. पण मधोमध एकमेकांत गुंफलेले दोन हात हवे होते. उजव्या हाताने तो चित्र काढायचा. नमुन्याला उरला एकटा डावा.

शेवटी तो खालच्या मजल्यावर साबिनाबाईंकडे गेला. त्या विधवा, पुस्तकं बांधून पोट भरायच्या. जिन्यात मान हलवण्यापलीकडे दोघांची ओळख नव्हती.

"माझा हात?" त्या म्हणाल्या. "मास्तर, याला सरसाचा वास येतो."

"कागदावर वास उतरत नाही, बाई."

वर त्याच्या खोलीत खिडकीपाशी बसून त्याने त्यांचा हात डाव्या हातात घेतला. खरखरीत होता, उबदार होता. योब्स्टला काही क्षण पेन्सिल टेकवताच येईना.

"वठलेल्या झाडावर वेल कशाला?" त्यांनी विचारलं.

"मित्र गेला तरी मैत्री राहते, असा अर्थ."

"वेलीला विचारलंत का कधी?"

तो हसला. स्वतःचं हसणं त्याला परक्यासारखं ऐकू आलं.

चित्र तासाभरात झालं. पण तो म्हणाला, "अंगठा नीट नाही साधला. उद्या याल?" दुसऱ्या दिवशी करंगळी नीट नव्हती. तिसऱ्या दिवशी साबिनाबाई कागदाकडे बघत म्हणाल्या, "हे तर पहिल्याच दिवशी झालं होतं."

योब्स्टने मान खाली घातली.

"मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "खाली माझी चूल बरी पेटत नाही असं समजा, म्हणून आले." मग थांबून म्हणाल्या, "ईस्टरनंतर मी उल्मला लेकीकडे जाणार. कायमची."

हात मात्र त्यांनी लगेच सोडवून घेतला नाही.

प्रकाशकाने पत्र्यावरून काढलेली छाप पाहिली. "सद्गुणाला म्हातारे हात कसे चालतील? गुळगुळीत करा." योब्स्टने पत्रा घासला, सुरकुत्या काढल्या आणि पुन्हा कोरलं. वाद घातला नाही.

ईस्टरनंतरच्या सोमवारी जावयाची गाडी आली. योब्स्ट दारात टोपी काढून उभा राहिला.

"सकाळी काहीतरी गरम खात जा, मास्तर," साबिनाबाई गाडीतून म्हणाल्या.

"खाईन," तो म्हणाला.

गाडी वेशीकडे वळली. तो वर गेला, खिडकीपाशी बसला आणि बराच वेळ काम सुरू न करता तसाच राहिला. खालचं बिऱ्हाड उन्हाळाभर रिकामंच होतं.