तिसऱ्या मजल्यावरची सळी

सळीचा चमत्कार टिकला नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण सभागृहात अजून टाळ्या चालू आहेत.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर नव्या सळीचा गौरव सोहळा होता. मांडीचं हाड मोडलं की आत बसवायची ही सळी. मोठ्या डॉक्टरांच्या मागे पडद्यावर कपाटाएवढा आकडा: ४.९ टक्के.

"जुन्या सळीपेक्षा नव्यावर जास्त लोक चालले! सळीत दम नसता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाच वेळाही दिसला नसता! पाचाच्या आत आलं की सिद्ध! मी नाही बोलत, आकडा बोलतो!"

आकडा काही बोलला नाही. लाजत असावा.

शेवटच्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत आई. तिच्या मांडीत हीच सळी आहे. हाड जुळलंच नाही.

"सिद्ध झालेली सळी रे," ती मला हळूच म्हणाली. "मीच कुठेतरी कमी पडले. व्यायामात चुकले असेन."

ती एकही व्यायाम चुकली नव्हती. वर्षभर स्वतःच्याच पायाची माफी मागत होती.

ताई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ती उठली. "डॉक्टर, माझ्या आईला कशात धरलंत? चाललेल्यांत की न चाललेल्यांत?"

डॉक्टरांनी सहायकाकडे पाहिलं. "कशातच नाही," सहायक म्हणाला. "त्या शेवटच्या तपासणीला आल्या नाहीत. न आलेले वगळलेत."

"तपासणी कुठे होती?"

"जुन्या सळीवाल्यांची इथे, तळमजल्यावर. नवीवाल्यांची नव्या विभागात, तिसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट?"

"बंद. पण जिना छान रुंद आहे."

कुणीतरी हसलं आणि एकटंच पडलं.

"म्हणजे जो जिना चढला तो मोजला, आणि मोजलेले सगळे चालतात म्हणून सळी थोर!" ताई म्हणाली. "आता एकट्या आईला न चाललेल्यांत धरा."

सहायकाने बटणं दाबली. पडद्यावर ६.३ उमटलं.

"एका बाईवरून?" डॉक्टर दुखावले.

"एका बाईवरून कोसळतो, तो पुरावा कसला? आणि ४.९ असो की ६.३, पाचाच्या रेघेच्या अलीकडे आलं म्हणून काही खरं होत नाही, पलीकडे गेलं म्हणून खोटं होत नाही. सगळ्यांना मोजा, फरक केवढा ते सांगा, पुन्हा करून बघा. मग टाळ्या वाजवू."

आईने माझी बाही ओढली. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती गं."

तिने मांडीवरून हात फिरवला. "मग वर्षभर मी काय करत होते रे?"

ताईने वहीतला कागद फाडला आणि तिथेच अर्ज लिहायला घेतला:

मा. अधिष्ठाता यांस सविनय विनंती की, आमच्या आईच्या नावापुढील 'आली नाही' ही नोंद रद्द करून 'पहिल्या वळणापर्यंत चढली, तिथे बसून रडली, नंतर खाली उतरवण्यात आली' अशी दुरुस्ती करावी. तसेच स्वतःला दोष देण्यात खर्ची पडलेलं एक वर्ष उक्त रुग्णेस मूळ स्थितीत, शक्यतो तळमजल्यावर, परत देण्यात यावं.