परवाची गाडी

"हा माठ्या मघापासून नुसता त्या पडद्यात डोकं घालून बसलाय. गाडी देतोय का पोरीचं लग्न जमवतोय?"

"अहो, हळू बोला."

"हळू कशाला? त्याला काय डोंबल कळतंय?"

माठ्याला सगळं कळत होतं. भाड्याने गाड्या देणाऱ्या त्या कंपनीच्या काउंटरमागे तो वर्षानुवर्षं बसत होता आणि परक्या लोकांकडून परक्या भाषेत रोज याहून वाईट ऐकत होता. पण 'डोंबल' हा शब्द त्याने बायको गेल्यापासून ऐकला नव्हता. त्यामुळे टोमणा आपल्यालाच आहे हे कळूनही त्याला राग आला नाही. उलट आणखी ऐकायला मिळावं म्हणून तो मान खाली घालून कीबोर्डवर उगाचच टकटक करत राहिला.

अर्थात त्यांना माठ्या म्हणणं आपल्याला शोभणार नाही. तिथले लोक त्यांच्या भाषेत त्यांना 'किल्लीबाबा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणत. त्यांचं खरं नाव कुणाच्या जिभेवर कधी बसलंच नाही, आणि मागच्या फळीवर खुंट्यांना टांगलेल्या किल्ल्या त्यांच्या ताब्यात असत, म्हणून किल्लीबाबा. आपणही तेच म्हणू. डोक्यावर कंपनीची टोपी, नाकावर जाड चष्मा आणि तोंडात तिथली भाषा, असा हा माणूस आपल्यातला असेल अशी शंका समोरच्या जोडप्याला यायचं कारणच नव्हतं.

आणि किल्लीबाबांना ती शंका इतक्यात येऊ द्यायची नव्हती. एकदा ओळख दिली की हे दोघं सावरून बसणार, 'आपण कुठले, किती वर्षं झाली' असं साजूक बोलणं सुरू होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना ऐकायची होती ती नवराबायकोची कुरकुर. तसलं बोलणं त्यांच्या घरातून बायकोबरोबरच गेलं होतं. दुसऱ्या शहरातली लेक न चुकता फोन करायची, मायेने करायची, पण तिचं मराठी 'आबा, बरे आहात?' एवढ्यावर आटोपायचं. मोबाइलवर हवं तेवढं मराठी ऐकायला मिळतं, नाही असं नाही. पण तो मोबाइल उलटून 'जेवलात का' म्हणून विचारत नाही.

"तरी मी म्हणत होते, जावयांना एक फोन करू," बाई म्हणाल्या.

"आणि काय सांगू? जन्मभर बस चालवली, पण साधी मोटार घेता येईना म्हणून?"

"तुम्हाला तुमच्या बसचं पडलंय. लेक तिकडे ओली बाळंतीण, उठून पाणी द्यायला जवळ बाईमाणूस कोणी नाही. दाराकडे डोळे लावून बसली असेल हो."

हे शेवटचं वाक्य बाईंनी इतक्या हळू म्हटलं की किल्लीबाबांना पुढे गप्प बसवेना.

"दादा," ते म्हणाले, "माठ्या काही लग्न जमवत नाहीये. तुमचं बुकिंग परवाच रद्द झालंय."

बसवाल्या ड्रायव्हरसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तोंडाला पदर लावला आणि हसू दाबता दाबता डोळ्यांतून पाणी काढलं.

"म्हणजे आपण... आपल्याकडचे?"

"तिकडचाच."

"ते मी माठ्या म्हणालो ते..."

"म्हणा की. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी म्हणालं."

बाई मात्र लगेच मुद्द्यावर आल्या. "पण भाऊजी, परवा कसं रद्द होईल? बुकिंग तर आजचं आहे. हे बघा, जावयांनी स्वतः कळवलंय."

त्यांनी फोन पुढे केला. किल्लीबाबांनी चष्मा वर सरकवून वाचलं. सोमवारी सकाळी सासूबाईंनी विचारलं होतं, 'गाडीचं बुकिंग कधीचं?' आणि जावयांनी उत्तर दिलं होतं, 'परवाचंच आहे. निवांत या.'

किल्लीबाबांनी ते पुन्हा वाचलं. मग पडद्याकडे पाहिलं. बुकिंग शनिवारी केलेलं होतं आणि गाडी सोमवारी दुपारी न्यायची होती. आज बुधवार होता.

"वहिनी, तुम्ही विचारलंत गाडी कुठल्या दिवसाची. त्यांना वाटलं, बुकिंग केलंय की अजून व्हायचंय असं विचारताय. त्यांनी सांगितलं, परवाच केलंय. झालेल्या परवा."

"अगं बाई. आणि मी धरला येणारा परवा."

"दोन दिवस आम्ही ओळखीच्यांच्या घरी पाय पसरून बसलो," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "कंपनीचा काहीतरी मेसेज आला होता. मला वाटलं जाहिरात."

"फोन करून विचारायचं की."

"बाळंतपण काढून दमलेल्या जावयाला कशाला सतवायचं?" बाई म्हणाल्या.

तिकडे जावईसुद्धा, सासूसासऱ्यांना 'का आला नाहीत' असं कसं विचारायचं, म्हणून गप्प बसले असणार. किल्लीबाबांना ही तऱ्हा चांगली माहीत होती. त्यांच्या स्वतःच्या घरात याच संकोचापायी माणसं दोन-दोन वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती.

पण कंपनीला संकोच नसतो. ठरल्या दिवशी माणूस आला नाही की बुकिंग बंद, पैसे गेले, आणि नवी गाडी हवी तर चालवणाऱ्याच्या नावाचं बँकेचं कार्ड हवं. कार्ड जावयांचं होतं आणि जावई चार तासांच्या रस्त्यापलीकडे बाळाजवळ होते. तिकडे रेल्वे जात नव्हती, बस आठवड्यातून दोनदाच सुटायची. किल्लीबाबा उठले आणि आतल्या काचेच्या खोलीत गेले.

आत मॅनेजरबाई होत्या. किल्लीबाबांच्या लेकीच्याच वयाच्या, तिथल्याच, नियमाला पक्क्या, पण मनाने वाईट नव्हेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"थांबा. तुमच्यात मागचा दिवस आणि पुढचा दिवस यांना एकच शब्द आहे?"

"मधला एक सोडून मागचा आणि मधला एक सोडून पुढचा. दोन्हीला परवा."

"पलवा."

"परवा."

"मग कळतं कसं, माणूस येऊन गेला की यायचाय?"

"वाक्याच्या शेवटी कळतं. आला म्हटलं तर आलेला, येणार म्हटलं तर येणार. शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं."

"आणि शेवटचा शब्दच नसला तर?"

किल्लीबाबांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर ड्रायव्हरसाहेब बॅगांवर बसले होते आणि वहिनी उभ्या राहून फळीवरच्या किल्ल्यांकडे बघत होत्या, जणू त्यातली एक आपली असणारच. मॅनेजरबाई खुदकन हसल्या. हसणारा माणूस नियमावर फार वेळ अडून बसत नाही. त्यांनी जुनं बुकिंग पुन्हा उघडलं.

गाडी मात्र एकच उरली होती, गिअरची. ती कुणी नेत नसे, म्हणून महिनोन् महिने मागच्या अंगणात धूळ खात पडलेली. किल्लीबाबांनी जरा भीतभीतच सांगितलं.

"गिअरची?" ड्रायव्हरसाहेब बॅगेवरून उठलेच. "अहो, मग पाहिजे काय! त्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांत माणसाने करायचं काय, शेंगा सोलायच्या?"

गाडी धुऊन होईपर्यंत थांबायचं होतं. तेवढ्या वेळात किल्लीबाबा जे बोलले तेवढं ते गेल्या वर्षभरात बोलले नसतील. बोलता बोलता त्यांना शब्द आठवत गेले. 'आगाऊ', 'वेंधळा', 'घोळ', 'उरक'. जुन्या पेटीतून कपडे काढून झटकावेत तसे ते एकेक शब्द वापरून बघत होते, आणि प्रत्येक अजून अंगाला येत होता. बायकोचा विषय निघाला. ती कशी त्यांच्या विसरभोळेपणावर डाफरायची ते त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, बायका डाफरतात म्हणून तर तुमची डोकी ठिकाणावर राहतात." मग त्या एकदम थांबल्या आणि त्यांच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जेवलात का?"

दुपार टळून गेली होती. ते जेवले नव्हते. ते टोपी काढून तिच्या आतलं अस्तर नीट करत बसले.

"परवा गाडी परत घेऊन येऊ ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा निवांत बसू. चहा तुमच्या हातचा."

"परवा 'येऊ' म्हणालात. 'आलो होतो' नाही."

"येऊ. पक्कं येऊ. क्रियापदासकट."

ड्रायव्हरसाहेबांनी आसन पुढेमागे केलं, आरसा फिरवला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची मघाची सगळी लाज उतरली. गाडी फाटकातून वळताना मोटारीचा हॉर्न त्यांनी बसवाल्यासारखा दोनदा वाजवला.

गुरुवार कसा गेला ते किल्लीबाबांना कळलं नाही. काय काय विचारायचं ते ते मनात जुळवत होते. बाळ कुणावर गेलंय? मुलगा की मुलगी, हे विचारायचं राहूनच गेलं. वहिनींचं माहेर कुठलं? त्यांच्या तोंडचा एक हेल बायकोच्या हेलासारखा होता, तो योगायोग की काय? त्यांना आशा वाटत होती, आणि या वयात एवढ्याशा गोष्टीची आशा वाटते याची थोडी लाजही वाटत होती.

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर थर्मास आणि घरचे तीन कप. गिअरच्या गाडीची खुंटी त्यांनी फडक्याने पुसून ठेवली. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. नुसतं दाराकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ते मागे अंगणात गाड्या धुवायला गेले. नळ पूर्ण सोडला की पत्र्यावर एवढा आवाज होतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही.

नळ बंद केला तेव्हा मॅनेजरबाई दारात उभ्या होत्या, एखादं बक्षीस लागल्यासारख्या.

"तुमच्या त्या बाईंचा फोन आला होता. मी हाका मारल्या, तुम्हाला ऐकू गेलं नाही. खूप बोलल्या. मला काही कळलं नाही, पण एक शब्द कळला. दोनदा म्हणाल्या. परवा."

या वेळी त्यांनी उच्चार अगदी बरोबर केला होता.

किल्लीबाबा हात पुसत आत आले आणि आधी पडद्यासमोर बसले. गिअरची गाडी त्यांनी शोधली. ती लेकीच्या गावातल्या कंपनीच्या शाखेत उभी होती. बुधवारी संध्याकाळीच जमा झाली होती, चालवणाऱ्याच्या ऐवजी जावयांनी आणून दिलेली. बरोबरच होतं. ओल्या बाळंतिणीला सोडून आईबाप दोन दिवसांत कशाला माघारी फिरतील? लेकीने हाताला धरून ठेवून घेतलं असेल. आणि वहिनींचं सगळं वाक्य त्यांना त्या हेलासकट ऐकू आलं. परवाच दिली हो भाऊजी गाडी इकडे, परवाच.

"मग?" मॅनेजरबाईंनी विचारलं. "आलेला परवा की येणारा?"

त्या उत्तराची इतक्या उत्सुकतेने वाट बघत होत्या की किल्लीबाबांनी पडदा हळूच दुसरीकडे वळवला.

"येणारा," ते म्हणाले.

"फोन लावून देऊ का परत? नंबर आहे."

"नको. जावयाचं घर. कशाला सतवायचं?"

त्यांनी थर्मास उघडला, एक कप मॅनेजरबाईंना दिला, एक स्वतः घेतला. चहा अजून गरम होता. तिसरा कप त्यांनी कोरडा पुसून खणात ठेवला.

दोन दिवसांनी, रविवारी, किल्लीबाबा कामावर आले तेव्हा त्यांच्या शर्टाला इस्त्री होती. मॅनेजरबाई थर्मासकडे बघून हसल्या, त्यांनीही हसून मान हलवली. मग ते मागे अंगणात गेले आणि गाड्या धुवायला लागले. नळ त्यांनी अर्धाच सोडला होता, म्हणजे आत फोन वाजला तर ऐकू येतो.