वसंतातली सर्व्हिसिंग

हाताला कंप सुटल्यापासून फोल्कमारच्या घरात जो तो त्याचा डॉक्टर झाला होता. नाताळच्या जेवणावर मुलगा हेनिंगने सरळ अट घातली, "बाबा, वसंतातली सर्व्हिसिंग एकट्याने करून दाखवा. जमली तर मोटारसायकल चालवा, नाही जमली तर विकायची." पोराने बापाची परीक्षा घ्यायची, काय दिवस आले! बायको गुद्रून बटाटे वाढत राहिली. फोल्कमार कबूल झाला. त्या गाडीशिवाय जर्मनीतल्या या आयफेलच्या डोंगरात त्याला उरलं होतं तरी काय?

मोसमी नंबरप्लेटमुळे गाडी एप्रिलपासूनच रस्त्यावर काढता येणार, म्हणून आदल्या शनिवारी तो गॅरेजात बसला. तेल झालं, फिल्टर झाला, राहिले दोन स्पार्क प्लग. जुने निघाले ते हरणाच्या अंगासारखे तपकिरी. म्हणजे इंजिन मालकापेक्षा ठणठणीत होतं. खरी गोची नवे बसवताना. ॲल्युमिनियमचे आटे, प्लग जरा तिरका घुसला की कायमचे गेले. आणि हात तर मेला ऐकत नव्हता. हेनिंग दारात कॉफी पीत उभा होता.

"मी करू का?"

"तू कॉफी पी."

फोल्कमारने रबरी नळीचा तुकडा प्लगच्या शेंड्यावर चढवला आणि नळीच बोटांनी फिरवली. प्लग तिरका जायला लागला की नळी घसरते, आटे वाचतात. ती बऱ्याचदा घसरली. शेवटी आटा अलगद धरला गेला. दुसऱ्या बाजूचा प्लगही तसाच बसला. पान्याने थोडं आवळून त्याने बटण दाबलं, तर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू. त्याचा जीव भांड्यात पडला.

"जमलं की नाही?"

"मस्त जमलं, बाबा. गाडीचं गिऱ्हाईक येईलच एवढ्यात. नवे प्लग टाकूनच द्या म्हणत होतं."

फोल्कमारने इंजिन बंद केलं. "आपलं काय ठरलं होतं?"

"ते तुमच्या समाधानासाठी. आईच म्हणाली, एकदा करू दे त्यांना."

गुद्रून पायरीवर येऊन उभी होती. "इतका खुशीत होतास," ती म्हणाली, "मला सांगवेना." फोल्कमारला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरता फिरता त्याची नजर म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातांवर गेली.

"प्लग यांनी बसवले?"

"छे हो," हेनिंग म्हणाला, "मी बसवले."

फोल्कमारने बोलायला तोंड उघडलं, तर गुद्रूनने त्याचा दंड दाबला.